येसाजीने राखलेली जागा

माझ्या नाकावर राग असतो, हे पोलादपूरच्या बाजारात कुणालाही विचारा. गूळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तिसऱ्यांदा ढेपेची चव बघू लागलं की मी त्याला शेजारच्या दुकानाची वाट दाखवतो. आई म्हणायची, "अरे, तू वाण्याच्या पोटी जन्मलास की फौजदाराच्या?" हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी कुणाला काय काय बोललो ते ऐकून तुम्हाला माझी चीड येणार आहे. ती यावीच.

आम्ही लिंगायत वाणी. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही निजवत नाहीत. बसवतात. पुरुषभर खोल चौकोनी खड्डा खणायचा, त्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीत माणूस मांडी घालून बसेल एवढा कोनाडा कोरायचा, आणि गेलेल्याला त्यात उत्तरेकडे तोंड करून बसवायचं. डाव्या तळहातावर त्याने जन्मभर गळ्यात घातलेलं इष्टलिंग ठेवायचं, भोवती बेल आणि भस्म भरायचं. मग कोनाड्याचं तोंड फरशांनी बंद करून खड्डा मातीने बुजवायचा आणि त्यावर दगड ठेवायचा. म्हणजे दगडाखाली नुसती माती असते, आणि माणूस असतो त्याच्या बाजूला, जमिनीच्या पोटात.

गावाबाहेर, घाटरस्त्याच्या कडेला आमचा समाधीचा माळ आहे. माझ्या पणजोबांच्या वेळी, शके सतराशे पंच्याऐंशीत, पाच घराण्यांनी मिळून तो घेतला आणि मध्ये दगडी बांध घालून त्याच्या पाच पट्ट्या पाडल्या. एका घराण्याची एक पट्टी. आमची पश्चिमेकडून दुसरी.

हा माळ राखायचा येसाजी. तो कापडे गावचा कुणबी. त्याच्या आधी त्याचा बाप राखायचा. दसऱ्याला नवं धोतर आणि सुगीला प्रत्येक घरातून भाताचं माप, एवढ्यावर तो तीन मैल चालत यायचा आणि तीन मैल चालत जायचा. त्याचं काम काय, असं मला कुणी पूर्वी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, गवत काढतो. शिकल्यासवरल्या माणसाला दुसऱ्याचं काम असंच दिसतं.

खरं काम वेगळंच होतं. बुजवलेला खड्डा दोन पावसाळ्यांत खाली दबतो आणि वरचा दगड एका अंगाला कलतो. येसाजी तो दगड पहारीने उचलायचा, खाली माती भरायचा, ती धुमसाने ठोकायचा आणि दगड पुन्हा ओळंब्यात बसवायचा. साळींदर बिळं पाडायचं, ती बुजवायचा. बेलाचं मूळ कुठल्या कोनाड्याकडे सरकलंय हे त्याला वरून कळायचं आणि तो ते तेवढंच मूळ तोडायचा, झाडाला धक्का न लावता. माळावर ऐंशीच्या वर माणसं बसलेली होती, त्यांतल्या निम्म्यांवर दगडच नव्हते. येसाजीला अक्षर येत नव्हतं. पण तो चालताना मध्येच पाऊल वाकडं टाकायचा, कारण तिथे कुणीतरी बसलेलं असायचं. मी लहानपणी त्याच्या मागोमाग तशीच वाकडी पावलं टाकत हिंडलो आहे.

पुढे मी पुण्याचं पाणी प्यायलो. मॅट्रिक झालो, वर्षभर मोजणीचं काम शिकलो आणि घरी आलो तो साखळी, फूटपट्टी आणि तीन रंगांच्या शाया घेऊन. एकोणीसशे एकतीस साली पंचांनी माळाची व्यवस्था माझ्याकडे दिली. मी लगेच नकाशा काढायला बसलो. वीस दिवस उन्हात साखळी ओढली. प्रत्येक दगड काळ्या शाईने, त्याच्या दक्षिणेचा कोनाडा तांबड्या शाईने आणि मोकळी जमीन हिरव्या शाईने. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

घाई होती ती आईपायी. माळ भरत आला होता. पंचांनी रस्त्याच्या पलीकडे नवी जमीन घेतली होती आणि ठराव केला होता, की ज्या पट्टीत जागा उरली नाही त्या घराण्याने यापुढे पलीकडे जायचं. आईची छाती त्या वर्षी फार बिघडली होती. ती चुलीशी बसून खोकायची आणि मला एकच गोष्ट सांगायची.

"मला ह्यांच्याजवळ बसव. तेरा वर्षं दर सोमवारी त्या दगडाशी बेल घेऊन जाते आहे मी. मेल्यावर काय रस्त्यापलीकडून हाका मारू?"

वडील गेले ते मानमोडीच्या तापाच्या साथीत, अठरा साली. मी तेव्हा पुण्याला होतो. गाड्या बंद, टपाल बंद. पत्र हातात पडलं तेव्हा वडिलांना जाऊन बारा दिवस झाले होते. आईही त्याच तापात पडली होती, पण ती वाचली. आईबापाच्या त्या दुखण्यात मी जवळ नव्हतो, ही बोच मला होती. निदान हे एक तरी नीट करायचं, असं मी ठरवलं होतं.

नकाशात जागा निघाली. वडिलांचा दगड आमच्या पट्टीत शेवटचा. त्याच्या पश्चिमेला, शेजारच्या बांधापर्यंत, चांगली पाच हात जमीन मोकळी होती. मी ती हिरवी रंगवली आणि आईला दाखवली. तिला नकाशातलं ओ की ठो कळलं नाही, पण हिरव्या रंगावर तिने बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही.

मार्गशीर्षात पंच माळावर आले. मी वडिलांच्या दगडाजवळ नकाशा पसरला. येसाजी पहार घेऊन बाजूला उभा होता. मी त्याला म्हटलं, "येसाजी, पंचांना सांग. या पाच हातांत कुणाला बसवलंय का?"

"नाय," तो म्हणाला.

"मग रिकामी आहे ना?"

येसाजीने पहार दुसऱ्या हातात घेतली. मी पुन्हा विचारलं. त्याने डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं.

"शेट, तिथं वरनं खणायचं नाय."

"का?"

"ते आत्ता इचारू नका. येळ आली की मी सांगन."

"कसली वेळ? वेळ हीच आहे!"

मी त्याला समजावून पाहिलं, दरडावून पाहिलं. शेवटी पंचांतले वडीलधारे, आमच्या शेजारच्या पट्टीचे मालक, म्हणाले, "राखणदारच खणू नका म्हणतो, म्हणजे खाली काहीतरी आहे. मानमोडीच्या साली बिनदगडाचे कितीतरी बसवले. कुणाचा कोनाडा फोडायचं पाप आपल्या माथी नको." सगळ्यांनी माना हलवल्या. आमची पट्टी भरली, असं तिथल्या तिथे ठरलं.

पंच गेले आणि मी येसाजीवर तुटून पडलो. शेजाऱ्यांनी तुला फितवलं, म्हटलं. ज्या घराचं मीठ खाल्लंस त्या घराच्या बाईला रस्त्यापलीकडे टाकतोस, म्हटलं. तुझ्या बापापासूनची चाकरी आजपासून संपली, म्हटलं. आणखीही म्हटलं, ते लिहवत नाही. त्याचं वय सत्तरीला आलेलं, आणि मी एकोणतीस वर्षांचा.

त्याने कमरेची फाटकाची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. म्हणाला, "कुंपणाला खालच्या अंगाला भोक पडलंय, साळींदर शिरतंय. नव्या मानसाला सांगा." आणि गेला. मला वाटलं, काय निर्ढावलेला म्हातारा आहे!

घरी आईने विचारलं, "येसाजी काय म्हणाला?"

"ठीक आहे म्हणाला."

"म्हणजे झालं," आई म्हणाली. "तो म्हणाला म्हणजे झालं." आणि त्या दिवसापासून तिने जागेची गोष्ट काढली नाही. मी मात्र रोज तिच्यासमोर जेवायला बसताना खालमानेने बसत होतो. पंचांच्या दारी चार खेपा घातल्या, काही उपयोग झाला नाही.

माघात, एका पहाटे, आई गेली.

घरातल्या बायकांनी तिला न्हाऊ घातलं, भिंतीशी बसवलं, कपाळाला भस्म लावलं. मी नव्या माणसाला, महिपतला, रस्त्यापलीकडच्या जमिनीत खड्डा घ्यायला सांगितलं. महिपत चांगला माणूस, रस्त्याच्या कामावरचा, दणादण खणणारा. त्याला कुठेही खण म्हटलं की तो खणतो.

दहाच्या सुमाराला आम्ही निघालो. आईला बांबूच्या मखरात बसवलेलं, पुढे आमच्या पुरोहितांचा, जंगमबाबांचा शंख. घाटरस्त्याशी आलो. डावीकडे जुना माळ, उजवीकडे नवी जमीन. तिथे रस्त्याच्या मधोमध येसाजी उभा होता. खांद्यावर कुदळ आणि पहार. शेजारी त्याची बायको धोंडूबाई, डोक्यावर माती उपसायची पाटी. दोघांनाही धाप लागलेली. बाजारातून परतलेल्या कुणा बाईने बातमी सांगितली होती आणि ती दोघं हातातलं काम टाकून कापड्याहून धावत आली होती.

"शेट," येसाजी म्हणाला, "तिकडं नेऊ नका. शेठानीची जागा हाय."

माझा ताबा सुटला. खांद्यावर आईचं मखर आहे हेही विसरलो. "जागा आहे? दोन महिन्यांपूर्वी पंचांसमोर विचारलं तेव्हा तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"तवा त्या जित्या होत्या," येसाजी म्हणाला.

जंगमबाबांनी शंख खाली केला. "नीट सांग, येसाजी."

येसाजीने सांगितलं, आणि ते माझ्याकडे बघत नव्हे, मखरात बसलेल्या आईकडे बघत सांगितलं. मानमोडीच्या साली माळावर यायला माणूस उरला नव्हता. ज्यांना चालता येत होतं ते रानातल्या वाड्यांवर पळाले होते. येसाजी खणायचा आणि धोंडूबाई माती वर ओढायची. एका महिन्यात दोघांनी एकोणीस खड्डे काढले. वडील गेले त्या दिवशी वैद्य येसाजीला म्हणाला होता, शेठाणी उद्याचा दिवस बघत नाहीत. येसाजीचे हात सोलवटून निघाले होते. उद्या नवा खड्डा घ्यायची ताकद अंगात उरेल की नाही, ठाऊक नव्हतं. म्हणून त्याने एकाच खड्ड्यात दोन कोनाडे कोरले. दक्षिणेच्या भिंतीत शेटांचा, आणि पश्चिमेच्या भिंतीत, त्यांच्या डाव्या हाताला, शेठाणींचा. तोंड पूर्वेला. पूर्व चालते आमच्यात.

"सांज झाली, सकाळ झाली, शेठानी काय गेल्या नाय. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेज मागितली. मग मी दुसरा कोनाडा फरशा लावून मिटला आन् खड्डा भरला." त्याने पहार खाली टेकवली. "जित्या बाईचा कोनाडा मी खणून बसलो होतो, शेट. ह्ये कुनाच्या तोंडानं सांगू? आन् सांगून त्यांच्या कानावर गेलं असतं तर? तुमी नकाशात ज्याला मोकळी जमीन म्हनत होता ती त्या कोनाड्याची पाठ हाय. वरनं खणलं असतं तर कोसळला असता."

मग शेजारच्या पट्टीचे मालक खाकरले. "आणि हे खरं कशावरून? शेटांची समाधी उघडायची, आणि आत दुसरा कोनाडा नसला तर?"

मी जंगमबाबांकडे बघितलं. त्यांनी येसाजीकडे बघितलं. "सूर्य मावळायच्या आत होईल?"

"व्हईल," येसाजी म्हणाला.

आम्ही डावीकडे वळलो. आईला बेलाच्या सावलीत ठेवलं. महिपतलाही बोलावून घेतलं, पण येसाजीने त्याला कुदळ धरू दिली नाही. माती तेवढी ओढ म्हणाला. त्याने पहारीने वडिलांचा दगड उचलून बाजूला ठेवला आणि खणायला उतरला. खणणं मी पुष्कळ पाहिलं आहे. असं पाहिलेलं नाही. तो कुदळ मारत नव्हता, टेकवत होता. दक्षिणेच्या बाजूला त्याने वीतभर माती तशीच उभी ठेवली, म्हणजे वडिलांच्या फरशांना धक्का नको. छातीएवढा खाली गेल्यावर कुदळ टाकून तो हातांनी माती काढू लागला. सत्तरीचा माणूस, पण त्याला थांब म्हणायची कुणाची छाती झाली नाही. धोंडूबाई वर पाटी घेऊन उभी होती आणि अधूनमधून म्हणत होती, "हळू वो, हळू."

मी कडेला उकिडवा बसलो होतो. कोनाडा नसला तर आईचं काय, आणि असला तर माझं काय, अशी माझी गत झाली होती.

मग पश्चिमेच्या भिंतीत फरशीची कड दिसली.

येसाजीने हाताने माती झाडली. तीन फरशा, एकीवर एक नीट टेकवलेल्या, सांधे मातीने लिंपलेले. त्याने वरची काढली, मधली काढली. आतून थंड, कोरड्या मातीचा वास आला. कोनाडा जसाच्या तसा होता. भिंती हाताने गुळगुळीत केलेल्या. आणि त्यात, बरोब्बर मध्ये, खणाच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी बसवलेलं होतं.

वर उभे असलेले दोघंतिघं मागे सरले. मी ओरडलो, "हे काय आहे?"

येसाजीने ते दोन्ही हातांनी उचललं आणि वर धोंडूबाईकडे दिलं. तिने कापड सोडलं. कापड विरून गेलं होतं, ते तिच्या बोटांतच फाटलं. आत वरवंटा होता. रोज चटणी वाटून वाटून मधोमध झिजलेला, घरातला वरवंटा. त्याला कुंकवाचं बोट लावलेलं अजून पुसट दिसत होतं.

"खणलेली जागा रिती ठेवू नाय," धोंडूबाई म्हणाली. "ती मानूस मागती. शेठानी तापातनं उठत होत्या, आन् हिकडं त्यांचा कोनाडा उघडा. ह्ये घरी येऊन रडाया लागले. म्हनले, माज्या हातनं काय झालं ह्ये. मग मी म्हटलं, बारशाला वरवंट्याला बाळ म्हणून जोजवत्यात, मग बाई म्हणून बशीव की. माजा वरवंटा दिला. खण गुंडाळला, कुंकू लावलं. म्हटलं, जा, शेठानीच्या जागंवर बस. त्या येईस्तवर राख."

"तेरा वर्षं?" मी विचारलं.

"तेरा वर्सं. दर सालाला त्या दिवशी एक नारळ फोडतो आमी, शेठानीला आऊक्ष मिळू दे म्हणून." तिने वरवंटा पदराने पुसला. "लई गोड हसायच्या. मला गूळ द्यायच्या हातावर."

मी खाली मातीत बसलो. तेरा वर्षं हा माणूस वडिलांच्या दगडाखालची माती ठोकत आला होता, दगड तसूभर कलू देत नव्हता, आणि मी समजत होतो गवत काढतो. आई दर सोमवारी बेल घेऊन जायची तेव्हा हा फाटकाशी उभा राहून तिला वाट द्यायचा. ती जिथे उभी राहून हात जोडायची, तिथून हातभर अंतरावर तिची जागा होती. ती त्याला ठाऊक होती आणि तो तिला म्हणायचा, "बरं हाय ना, शेठानी?" चाकरी गेली, शिव्या खाल्ल्या, तरी याने तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर माझ्या आईच्या जिवाला धोका होता, असं त्याला वाटत होतं. मी मुलगा. मी तिच्यासाठी काय केलं होतं? जमीन हिरवी रंगवली होती.

जंगमबाबांनी मंत्र सुरू केले. येसाजी आणि मी, दोघांनी मिळून आईला खाली घेतलं आणि कोनाड्यात बसवलं. तिचं तोंड पूर्वेला, आणि तिच्या उजव्या अंगाला, वीतभर मातीपलीकडे, वडील. मी तिच्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, बेल भरला, भस्म भरलं. फरशा येसाजीने लावल्या. शेवटची फरशी लावण्यापूर्वी तो आत बघून म्हणाला, "बसा, शेठानी." मग मात्र माझ्याने राहवलं नाही. मी मोठ्याने रडलो, आणि एवढ्या माणसांत रडायची मला लाज वाटली नाही.

खड्डा भरून दगड पुन्हा जागेवर आला तेव्हा सूर्य डोंगराशी टेकत होता. शेजारच्या पट्टीचे मालक स्वतःहून म्हणाले की पंचांच्या वहीत दुरुस्ती करू. मी फाटकाची किल्ली काढून येसाजीपुढे धरली आणि वाकून त्याच्या मातीने भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं. वाण्याने कुणब्याच्या पाया पडणं बाजाराने पाहिलेलं नव्हतं. ते त्या दिवशी पाहिलं.

"असं नका करू, शेट," तो कासावीस होऊन पाय मागे घेऊ लागला. "उठा. उठा बगू."

त्याने किल्ली कमरेला बांधली. धोंडूबाईने वरवंटा पाटीत ठेवला. लोक पांगू लागले. मी डोळे पुसले आणि पट्टीवर नजर टाकली. बांधापासून बांधापर्यंत आता कुठेच जागा दिसत नव्हती. नकाशातला एकुलता एक हिरवा तुकडाही आईच्या वाट्याला गेला होता.

"येसाजी," मी विचारलं, "मग माझी जागा रे कुठे?"

त्याने एकदा, डोळ्याचं पातं लवायच्या आत, पट्टीतल्या आजोबांच्या दगडाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"धाकलं शेट," तो म्हणाला, "दिवस मावळला. घरी जा, पोरांना जेवू घाला."